पत्त्यात न मावलेली जागा

२००२ च्या सुमारास अनेकांना एक चमत्कारिक अनुभव आला. १६० गिगाबाइटची नवी हार्ड डिस्क आणली, संगणकात बसवली आणि पडद्यावर आकडा आला साधारण १२८. दुकानदाराने फसवलं, असं वाटणं साहजिकच. पण दोष दुकानदाराचा नव्हता आणि डिस्कचाही नव्हता. तो होता पत्ता लिहिण्याच्या जुन्या पद्धतीचा.

त्या काळी डिस्कवर माहिती ५१२ बाइटच्या कप्प्यांत ठेवली जाई. संगणक कप्प्याचा पत्ता सांगे, मगच डिस्क तो उघडी. या पत्त्याला किती आकडी जागा ठेवायची, हे आधीच ठरवावं लागतं. आयबीएमच्या १९८३ च्या पीसी एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची डिस्क होती. संगणक सुरू करणाऱ्या बायोसच्या पत्त्यात मात्र ८.४ गिगाबाइटची सोय होती, म्हणजे आठशेपटींहून जास्त!

पुढे डिस्कच्या बाजूनेही अशीच ऐसपैस पद्धत ठरली. गंमत म्हणजे दोघींचे रकाने जुळेनात. प्रत्येक रकान्यात दोहोंपैकी लहान आकडा धरावा लागला आणि हाती उरले जेमतेम ५२८ मेगाबाइट. नव्वदच्या दशकाच्या मध्यात संगणक या भिंतीवर आदळले. ती ओलांडली, तर ८.४ गिगाबाइटची भिंत आली. तीही ओलांडली, तेव्हा डिस्कच्या २८ बिटी पत्त्याची मर्यादा समोर ठाकली: १३७ गिगाबाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तिथे हेच १२८ दिसतात.

२००२ मध्ये एटीए-६ या प्रमाणकाने ४८ बिटी पत्ता आणला. २००१ च्या मूळ विंडोज एक्सपीला तो कळत नव्हता. २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर कळू लागला.

यातला खरा धोका कमी जागा दिसण्याचा नव्हता. समजा, घर क्रमांकाला तीनच चौकटी आहेत. १००१ लिहायला गेलं, तर उरतं ००१ आणि पत्र भलत्याच घरी पडतं. मोठ्या डिस्कवर सीमेपलीकडे लिहू पाहणाऱ्या जुन्या प्रणालीकडून असंच होऊ शके: नवी माहिती डिस्कच्या आरंभीच्या माहितीवर लिहिली जाई आणि वर्षांची जमवाजमव पुसली जाई.

म्हणून आधी आकडा पाहावा. १६० ऐवजी १४९ दिसले, तर काही हरवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, एवढाच फरक. १२८ किंवा १३७ दिसले, तर बायोस आणि विंडोज अद्ययावत करावं. २.२ टेराबाइटवर अडलं, तर १९८३ पासूनच्या विभाग-नोंदीचा ३२ बिटी रकाना भरला असं समजावं. तिथे जीपीटी ही नवी नोंद लागते. मात्र काहीही बदलण्याआधी माहितीची प्रत दुसरीकडे ठेवावी. भिंत ओलांडता येते, पुसलेली माहिती मात्र सहसा परत येत नाही.