मुए थाई म्हणजे काय? मारायचं कसं आणि त्याहून महत्त्वाचं, वाचायचं कसं?

२८ डिसेंबर २०१३. लास वेगासमध्ये यूएफसीची टायटल मॅच सुरू होती. दुसऱ्या राउंडमध्ये ब्राझीलच्या अँडरसन सिल्वाने समोरच्या ख्रिस वाइडमनच्या पायावर जोरात किक मारली. वाइडमनने फक्त पाय उचलला. पुढच्याच क्षणी सिल्वा खाली कोसळला. त्याच्या डाव्या पायाची नडगी मोडली होती.

सात वर्षांहून थोड्या जास्त काळाने, एप्रिल २०२१ मध्ये, हेच वाइडमनच्या बाबतीत घडलं. मॅच सुरू होऊन अर्धा मिनिटही झालं नव्हतं. त्याने किक मारली, समोरच्या युरायाह हॉलने पाय उचलला आणि यावेळी पाय मोडला तो वाइडमनचा.

दोन्ही वेळा मारणारा जमिनीवर आणि मार अडवणारा उभा. हे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येऊन गेले असतील. यूएफसी ही मिक्स्ड मार्शल आर्ट्सची स्पर्धा आहे, पण पाय उचलून किक अडवायचा हा बचाव थायलंडच्या मुए थाईमध्ये अगदी सुरुवातीला शिकवला जातो. त्याला म्हणतात 'चेक'.

आठ अंगांचा खेळ

बॉक्सिंगमध्ये हत्यारं दोनच, दोन मुठी. मुए थाईमध्ये ती आठ आहेत: दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे आणि दोन नडग्या. म्हणून याला 'आठ अंगांची कला' म्हणतात.

व्यावसायिक मॅच साधारणपणे ३ मिनिटांच्या ५ राउंडची असते, मध्ये २ मिनिटांची विश्रांती. बँकॉकमधली राजदमनर्न (१९४५) आणि लुंपिनी (१९५६) ही दोन स्टेडियम या खेळाची सगळ्यात मानाची ठिकाणं.

मॅचआधी खेळाडू रिंगमध्ये संथ नाचासारखा एक विधी करतात, 'वाय ख्रू'. यातला 'ख्रू' म्हणजे आपला 'गुरू'. डोक्यावर जो पट्टा बांधतात तो 'मोंगखोन', हा शब्द आला 'मंगल'वरून. आणि लुंपिनी हे नाव बुद्धाच्या जन्मस्थानाचं, लुंबिनीचं.

उभं कसं राहायचं?

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा पाय पुढे. दोन पायांत खांद्याएवढं अंतर, गुडघे किंचित वाकलेले, मागची टाच जरा उचललेली. दोन्ही मुठी भुवयांच्या उंचीवर, हनुवटी खाली, कोपरं बरगड्यांजवळ.

बॉक्सरपेक्षा इथला खेळाडू जास्त ताठ उभा दिसतो. कारण पुढचा पाय कधीही उचलावा लागतो. सगळं वजन त्याच पायावर असेल तर चेक करायला वेळच मिळत नाही.

मारण्याचे मूळ प्रकार

पंच: जॅब, क्रॉस, हूक आणि अपरकट, म्हणजे बॉक्सिंगचेच. ताकद हातातून नाही, तर पाय आणि कंबर वळवण्यातून येते. एक हात मारतो तेव्हा दुसरा हात गालाजवळच राहिला पाहिजे.

किक: थाई भाषेत 'ते'. मुए थाईची ओळख म्हणजे ही फिरवून मारलेली किक. ती पावलाने नाही, नडगीने मारतात. कारण साधं आहे. पावलात २६ छोटी हाडं असतात, तर नडगीचं हाड एकच आणि जाड. उभा पाय चवड्यावर फिरतो, कंबर पूर्ण वळते आणि पाय बॅटसारखा येऊन बसतो. उभा पाय फिरवलाच नाही तर किकला जोर येत नाही आणि ताण गुडघ्यावर पडतो.

टीप: चवड्याने समोरच्याच्या पोटावर किंवा छातीवर दिलेला सरळ धक्का. दारावर लाथ मारावी तसा. दिसायला साधा, पण पुढे येणाऱ्याला जागच्या जागी थांबवतो.

गुडघा: थाईमध्ये 'खाओ'. पोटात किंवा बरगड्यांवर बसतो. १९८० च्या दशकात डिझेलनोई हा उंचापुरा खेळाडू मुख्यतः गुडघ्यांच्या जोरावर लुंपिनीचा चॅम्पियन राहिला.

कोपर: थाईमध्ये 'सोक'. अगदी जवळून मारतात. कोपराचं हाड टोकदार असल्यामुळे कपाळाची कातडी फाटते, रक्त डोळ्यांत उतरतं आणि मॅच थांबवावी लागू शकते.

क्लिंच: दोघं एकमेकांना मानेला किंवा दंडाला धरून झुंजतात. बॉक्सिंगमध्ये रेफरी इथे सोडवतो. मुए थाईमध्ये इथेच गुडघे आणि कोपरांचा खेळ सुरू होतो.

आता मुख्य मुद्दा: वाचायचं कसं?

बॉक्सर पंच चुकवायला खाली वाकतो. मुए थाईमध्ये ही सवय महागात पडते. डोकं खाली गेलं की ते थेट वर येणाऱ्या गुडघ्याच्या किंवा किकच्या वाटेत येतं. म्हणून इथला बचाव वेगळा आहे.

- चेक: पाय उचलायचा, गुडघा थोडा बाहेरच्या बाजूला. समोरच्याची किक आपल्या नडगीच्या वरच्या, गुडघ्याजवळच्या जाड भागावर घ्यायची. त्याच्या नडगीचा खालचा बारीक भाग इथे आदळला तर काय होतं, ते सिल्वा आणि वाइडमनच्या बाबतीत दिसलं.
- गार्ड: डोक्याकडे येणारा वार दोन्ही हात वर घेऊन झेलायचा. किकचा जोर मोठा असतो, त्यामुळे एका हाताने अडवू नका.
- मागे झुकणं: पाय जागेवर ठेवून फक्त वरचं अंग मागे न्यायचं. डोक्यावरची किक समोरून निघून जाते आणि मारणारा क्षणभर उघडा पडतो.
- किक पकडणं: बरगड्यांवर येणारी किक काखेत पकडायची आणि समोरच्याचा तोल घालवायचा.
- टीप: हो, हा बचावही आहे. समोरच्याने पाय उचलला की त्याच्या आधी आपला धक्का पोचवायचा.

समार्त पयाकरून हा याचं उत्तम उदाहरण. लुंपिनीत वेगवेगळ्या वजनगटांत चॅम्पियन झालेला हा खेळाडू १९८६ मध्ये बॉक्सिंगमध्येही डब्ल्यूबीसीचा जगज्जेता झाला. चाहते त्याची आठवण काढतात ती वार चुकवण्यासाठी आणि अचूक टीपसाठी.

पंचही हे सगळं बघतात. थायलंडमधल्या पारंपरिक गुणपद्धतीत शरीरावर नीट बसलेली किक किंवा गुडघा साध्या ठोशापेक्षा जड मानतात. मारून स्वतःच धडपडलात तर त्याची छाप कमी पडते.

शिकायचं असेल तर हे लक्षात ठेवा

नोव्हेंबर २०१८ मध्ये बँकॉकजवळ एका मॅचमध्ये डोक्याला मार लागून १३ वर्षांच्या मुलाचा मेंदूतल्या रक्तस्रावाने मृत्यू झाला. डोक्याला संरक्षण नव्हतं. लहान मुलांच्या मॅचवर बंदी घालावी का, यावर त्यानंतर थायलंडमध्ये मोठी चर्चा झाली. म्हणजे जिथे हा खेळ रक्तात आहे, तिथेही डोक्याचा मार हा गंभीर प्रश्न आहे.

- नडगी 'कडक' करायला झाडावर लाथा मारणं किंवा बाटली फिरवणं, असले रील बघून प्रयोग करू नका. नडगी तयार होते ती बॅगवर आणि पॅडवर, हळूहळू.
- हातपट्ट्या, ग्लोव्ह्ज, शिनगार्ड, दातांचा गार्ड आणि पुरुषांसाठी ग्रोइन गार्ड याशिवाय सराव करू नका.
- थायलंडमधले खेळाडू सरावात बहुतेकदा हलक्या हाताने, हसतखेळत खेळतात. त्यांना पुढची मॅच खेळायची असते. पहिल्याच आठवड्यात तुम्हाला पूर्ण ताकदीने मारामारी करायला लावणारा क्लास असेल तर दुसरा शोधा.
- डोक्याला मार लागल्यावर गरगरलं, उलटी झाली किंवा काही आठवेना, तर सराव तिथेच थांबवा आणि डॉक्टरकडे जा.

आणि क्लास निवडताना कोचला एक प्रश्न नक्की विचारा: "चेक करायला कधी शिकवणार?" उत्तर "पहिल्या काही दिवसांतच" असं असेल, तर क्लास बहुधा बरोबर आहे.