साडेबावीस

डावा डोळा मिटा आणि वरून खाली पाहा. टेबलावर अंतर्वक्र आरसा उताणा ठेवला आहे. त्याच्या बरोबर वर, स्टँडच्या क्लॅम्पमध्ये आडवी टाचणी. टाचणीच्या टोकासमोर तिचीच उलटी प्रतिमा टोकाला टोक भिडवून बसली आहे. आता मान जरा डावीकडे न्या, मग उजवीकडे. टोकं एकमेकांपासून सुटली? म्हणजे पॅरॅलॅक्स अजून गेलेला नाही. टाचणी केसभर वर घ्या. पुन्हा मान हलवा. मानेला रग लागली असेल, पण आता दोन्ही टोकं हातात हात घालून सरकताहेत. इथेच थांबा. मीटरपट्टी उभी धरा. आरशापासून टाचणीपर्यंत बरोबर 30.0 सेंटिमीटर.

फेब्रुवारी 1984, दुपारची बॅच. सातारा जिल्ह्यातलं एक गाव, कौलारू शाळा, शाळेलाच जोडलेले अकरावी-बारावीचे वर्ग आणि जुन्या ड्रॉइंगच्या हॉलमध्ये थाटलेली फिजिक्सची लॅब. खिडकीच्या गजांतून गुऱ्हाळाचा वास येतोय. बोर्डाची प्रॅक्टिकल तोंडावर आली आहे आणि निम्म्या वर्गाची जर्नलं अजून सर्टिफाय व्हायची आहेत. आजचा प्रयोग पाण्याचा वक्रीभवनांक काढण्याचा. तो लांबलचक शब्द तुम्ही दहावीतच सोडून आलात. इथे सगळे त्याला म्यू म्हणतात.

“नळाचं पाणी नको,” सर आल्याआल्याच बजावून गेलेत. “क्षार फार. प्रत्येक टेबलावर बाटली ठेवलीय, तीच वापरा.”

वापरा. ड्रॉपरनं आरशाच्या खोलगट भागात थेंब थेंब सोडा, मधोमध दोन-तीन मिलिमीटरचं तळं होईपर्यंत. चारदोन थेंब टेबलावर सांडतील. ते बोटानं निपटून काढा, फडकं शोधत बसू नका, शिपाईमामांनी ते कधीच पळवलंय.

आता गंमत बघा. टाचणी जागची हललेली नाही, पण प्रतिमा तिला सोडून भलतीकडेच गेली आहे. किरण आरशावर लंब पडला तरच आल्या वाटेनं परत जातो. कोरड्या आरशात तशी जागा वक्रतेच्या केंद्राशी होती, म्हणून टाचणी तिथे होती. पाणी घातल्यावर तोच किरण पाण्यात शिरताना लंबाकडे वळतो, आणि आरशाला टाचणी आहे त्याहून उंचावर असल्यासारखी वाटते. आरशाची समजूत काढायची तर टाचणी खाली आणायला हवी. किती खाली, त्यातच म्यू आहे. आधीच्या उंचीला आत्ताच्या उंचीनं भागलं की उत्तर. पाण्याच्या तळ्याची जाडी वजा करायला हवी, पण ती कुणी करत नाही आणि फारसं बिघडतही नाही.

टाचणी खाली घ्या. पॅरॅलॅक्स काढा. मोजा. 22.1. पुन्हा करा. 21.9. तिसऱ्यांदा 22.0.

तीसला बावीसनं भागा. 1.36.

इथे तुमच्या पोटात गोळा येतो, कारण पाण्याचा म्यू 1.33 असतो हे ज्याला पाण्यात पोहता येत नाही त्यालाही पाठ आहे. शेजारच्या टेबलाकडे नजर टाका. तिथली टाचणी अजून पहिल्याच उंचीवर आहे, आरसा ठणठणीत कोरडा आहे, आणि ऑब्झर्वेशन टेबल मात्र भरून तयार. 30.0 ला 22.5. 30.1 ला 22.6. 29.9 ला 22.4. सगळ्यांचं सरासरी उत्तर 1.33. “साडेबावीस लिही,” शेजारचा मान वर न करता म्हणतो. “तीसला एक पॉइंट तेहेतीसनं भाग ना, आपोआप येतं.” उलटं गणित. वर्गात त्याला रीडिंग जुळवणं म्हणतात आणि त्यात कुणाला पाप वाटत नाही. बरोबर उत्तर पुस्तकातच छापलेलं असताना मान कशाला मोडून घ्यायची?

पेन्सिल 22.0 वर टेकवा. खोडायचं आहे का? ठरवण्याआधी एकदा शेवटचं पाहून घ्या. डोळा मिटा.

उघडाल तेव्हा गुऱ्हाळाचा वास गेलेला असेल. खारा वारा, दगडी फरशी, अंगणात उतरलेलं ऊन. अलेक्झांड्रिया, इसवी सनाचं दुसरं शतक. पाण्यानं भरलेल्या भांड्यात ब्राँझची गोल तबकडी अर्धी बुडवून उभी केली आहे. तिच्या प्रत्येक चतुर्थांशावर नव्वद अंशांच्या खुणा. माणसाच्या चेहऱ्याकडे पाहू नका, टॉलेमी कसा दिसायचा हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. हातांकडे पाहा. वरच्या कडेवर 30 अंशांवर त्यानं एक रंगीत खूण लावली आहे, एक तबकडीच्या मध्यावर आहे, आणि पाण्याखालची तिसरी तो काडीनं हळूहळू सरकवतो आहे. डोळा कडेला लावलेला. तिन्ही खुणा एका रेषेत आल्या की थांबायचं. तुम्हाला हे काम नवं नाही. टाचणी नाही आणि आरसा नाही एवढंच.

(ह्याच माणसाच्या भूगोलाच्या ग्रंथात आपलं पैठण आहे, ‘बैथन’ म्हणून, आणि तिथल्या राजाचं नावही आहे. अभ्यासक त्याला सातवाहन पुळुमावी मानतात. प्रतिष्ठानला कधी न गेलेल्या माणसानं प्रतिष्ठान नोंदवलं. पाण्याच्या भांड्यापाशी मात्र तो स्वतः बसला होता.)

आता त्याच्या खांद्यावरून त्याचं टेबल वाचा. हवेतला कोन 10, पाण्यातला 8. 20 ला साडेपंधरा. 30 ला साडेबावीस. 40 ला 29, 50 ला 35, 60 ला साडेचाळीस, 70 ला साडेपंचेचाळीस, 80 ला 50.

साडेबावीस. तुम्ही दचकता, ते बरोबरच आहे. 30 अंशांना पाण्यात खरा कोन 22 च्या जवळ येतो. म्हणजे त्याच्या काडीनंही बहुधा 22 च्या आसपासच कुठेतरी खूण धरली असणार, आणि लिहिलं गेलं साडेबावीस. का, ते उत्तरांतले फरक काढलेत की कळेल. साडेसात, सात, साडेसहा, सहा, साडेपाच, पाच, साडेचार. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून बरोबर अर्ध्या अंशानं कमी. निसर्ग इतका व्यवस्थित वागत नाही, आणि बाजारातल्या काडीनं घेतलेलं माप तर नाहीच नाही. टॉलेमीनं मोजलं हे खरं. साठ अंशांचा त्याचा आकडा आजच्या आकड्याशी तंतोतंत जुळतो. पण निसर्गाचा नियम अशा सुरेख उतरत्या पायऱ्यांचाच असणार, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं असं दिसतं. मोजलेल्याला त्यानं त्या पायऱ्यांवर बसवलं. ऐंशी अंशांपाशी त्यामुळे तब्बल दोन अंशांहून मोठा घोळ झाला.

मला स्वतःला ह्यात टॉलेमीचा राग येत नाही. रीडिंग जुळवणाऱ्यांच्या यादीत एवढं मोठं नाव सापडलं की उलट जरा धीरच येतो. राग येतो तो पुढच्या साडेचौदाशे वर्षांचा.

ती वर्षं झपाट्यानं ओलांडा. फक्त बगदादला, 984 साली, एक श्वास घ्या. इब्न सहल नावाचा गणिती जाळणाऱ्या भिंगांवर पुस्तक लिहितो आहे. दोन काटकोन त्रिकोणांच्या कर्णांचं गुणोत्तर तो स्थिर धरतो, आणि तोच वक्रीभवनाचा नियम, पुढे दुसऱ्याच्या नावावर चढलेला. तुमच्या लॅबमधल्या दुपारच्या बरोबर हजार वर्षं आधी. पण त्या पुस्तकाची पानं दमास्कस आणि तेहरानला विखुरली. ती जुळवून रोशदी राशेद 1990 मध्ये जगासमोर आणतील, तेव्हा तुमची बारावी होऊन सहा वर्षं झालेली असतील.

आता थंडी वाजेल. टेम्स नदीच्या काठी सायन हाउस, 1602 च्या आसपास. अर्ल ऑफ नॉर्थंबरलंडच्या आश्रयाला राहिलेला टॉमस हॅरियट, जो 1585 मध्ये जहाजातून अमेरिकेला जाऊन आला होता, इथे पाणी, तेलं, दारूचे अर्क असे पातळ पदार्थ एकेक करून तपासतो आहे. तुमच्या सरांच्या शेल्फवरच्या बाटल्यांची ही सगळ्यात जुनी पूर्वज मंडळी समजा. हॅरियटला पायऱ्यांची हौस नाही. त्याचे आकडे जिथे पडायचे तिथेच पडतात, आणि म्हणूनच त्यांच्यातून त्याला नियम दिसतो. कोनांचं गुणोत्तर बदलत राहतं, त्यांच्या साइनचं बदलत नाही. लॉग टेबल उघडून तुम्हीही पडताळून पाहा. 30 ची साइन 0.5. तिला 1.33 नं भागलं की 0.376, आणि तो 22 अंशांचा कोन. साडेबावीसचा नाही.

हॅरियट कागद घडी करून ठेवतो. छापत नाही.

तिकडे प्रागमध्ये योहानेस केप्लर ह्याच नियमासाठी डोकं आपटतो आहे. ग्रहांच्या कक्षा ज्यानं लंबवर्तुळाकार करून दाखवल्या तो माणूस. 1604 च्या आपल्या प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात तो एकामागून एक सूत्रं लावून बघतो आणि एकही नीट बसत नाही. त्याच्या हातातलं टेबल पाहा. ते तेराव्या शतकातल्या विटेलोच्या पुस्तकातून घेतलंय. 10 ला 8, 20 ला साडेपंधरा, 30 ला साडेबावीस. विटेलोनं टॉलेमीचेच आकडे उतरवले होते. साडेचौदाशे वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियात जुळवलेलं जर्नल, आणि त्यावर युरोपातला सगळ्यात हुशार विद्यार्थी कॅल्क्युलेशन करत बसलाय. उत्तर कुठून येणार?

1606 मध्ये केप्लर हॅरियटला पत्र लिहितो. हॅरियट उत्तर धाडतो, निरनिराळ्या द्रवांची घनता आणि वक्रीभवनाचे कोन पाठवतो. नियम तेवढा पाठवत नाही. हॅरियट 1621 मध्ये वारला. त्याच वर्षी लायडनमध्ये विलेब्रॉर्ड स्नेलला तोच नियम सापडला, आणि त्यानंही तो छापला नाही. छापला 1637 मध्ये देकार्तनं. तुमच्या पुस्तकात मात्र स्नेल आहे. नाव कुणाच्या वाट्याला जाईल, ह्याला काही नियम नाही.

हॅरियटच्या खोलीत थोडं थांबा, कारण इथे एक गोष्ट हाताला लागते. त्याला प्रत्येक द्रवाचा आकडा वेगळा मिळत होता, आणि कुठलाही आकडा त्याला आधी ठाऊक नव्हता. पुस्तकात 1.33 छापलेलं नव्हतं. बाटलीत काय आहे ते बाटलीलाच विचारावं लागत होतं.

डोळा उघडा.

गुऱ्हाळाचा वास. पंख्याची कुरकुर. पेन्सिल अजून 22.0 वर टेकलेली आहे. सर टेबलाटेबलांवरून जर्नलं बघत येताहेत.

“किती आला?”

“एक पॉइंट तेहेतीस, सर.”

“तुझा?”

“एक पॉइंट तेहेतीस.”

“तुमचा?”

“एक पॉइंट तेहेतीस, सर. तिन्ही रीडिंग्ज.”

सर प्रत्येक जर्नलवर मान हलवतात आणि सही न करता पुढे सरकतात. शेजारच्याला ते पहिल्यांदा खटकतं. तो आरशाकडे पाहतो, मग घाईघाईनं ड्रॉपर उचलून बाटलीतलं पाणी आरशात सोडायला लागतो. थोडं उशिराच.

तुम्ही टाचणी पुन्हा तपासता. टोकाला टोक. मान डावीकडे, मान उजवीकडे. हलत नाही. 22.0. रबर हातात आहे, पण बोट त्याला चिकटलंय. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून पाहा. मघाशी सांडलेले थेंब ह्याच बोटानं निपटले होते. पाणी वाळल्यावर बोट चिकट होत नाही.

सर तुमच्या टेबलाशी येतात. 30.0, 22.1, 21.9, 22.0. शेवटच्या ओळीत 1.36. ते काही बोलत नाहीत. खिशातून लाल पेन काढतात, टोपण दातात धरतात आणि जर्नलवर न वाकता टेबलाच्या कडेकडे पाहत राहतात.

तिकडे पाहा. खिडकीच्या चौकटीतून निघालेली काळ्या मुंग्यांची बारीक रांग टेबलाचा पाय चढून वर आली आहे. तुम्ही थेंब पुसले होते त्या जागेशी ती फुटली आहे. अर्ध्या मुंग्या तिथेच घोळका करून बसल्या आहेत, आणि उरलेल्या आरशाच्या काठाकडे निघाल्या आहेत.