जॉर्जटाऊनचा वारसा

संस्थेचा वर्धापनदिन आला कीं संस्थापकांचें गुणगान होतेंच, आणि जॉर्जटाऊन विद्यापीठास त्यासाठीं जागाही भरपूर आहे. वॉशिंग्टन शहरांत पोटोमॅक नदीच्या कांठीं असलेलें हें अमेरिकेंतील सर्वांत जुनें कॅथॉलिक विद्यापीठ. जॉन कॅरोल या धर्मगुरूंच्या पुढाकारानें २३ जानेवारी १७८९ रोजीं जागेचें खरेदीखत झालें. तोच स्थापनेचा दिवस मानितात. ज्या मेरीलंड मुलखांत कॅथॉलिकांस एके काळीं शाळा चालविण्याचीही बंदी होती, तेथें सर्व पंथांच्या मुलांस खुली असलेली शाळा काढणें ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु श्रोतेहो, शाळा चालते ती पैशावर. मेरीलंडमध्यें जेझुइट पाद्र्यांचे मळे होते, आणि त्यांत राबत ते गुलाम. १८३८ सालीं प्रांताधिकारी थॉमस मलेडी यांनीं २७२ स्त्रीपुरुष व मुलें लुइझियानांतील मळेवाल्यांस विकण्याचा करार केला. मलेडी हे पूर्वीं याच महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. किंमत ठरली १,१५,००० डॉलर. रोमहून परवानगी आली होती, पण अटी घालून: कुटुंबें विभक्त करूं नयेत, त्यांच्या धर्माचरणाची सोय राहावी, पैसा कर्ज फेडण्यास लावूं नये. तिन्ही अटी मोडल्या गेल्या. महाविद्यालयाच्या कर्जाचा कांहीं भाग मात्र त्यांतून फिटला! पुढच्याच वर्षीं पोप सोळावे ग्रेगरी यांनीं गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारें पत्र काढलें.

इतिहासाची चमत्कारिक गति अशी कीं, ज्यांना या विद्यापीठाचे दुसरे संस्थापक म्हणतात, ते १८७४ ते १८८२ पर्यंतचे अध्यक्ष पॅट्रिक हीली हे स्वतः जॉर्जियांत एका गुलाम मातेच्या पोटीं जन्मले होते. हयातींत लोक त्यांना गोरेच समजत.

विक्रीचे कागद कोणीं जाळले नव्हते. ते दप्तरांत होते, अभ्यासकांस ठाऊकही होते. इतरांस त्यांची निकड वाटली नाहीं इतकेंच. २०१५ सालीं विद्यार्थ्यांनीं मलेडी यांच्या नांवाच्या इमारतीविरुद्ध आवाज उठविला. एप्रिल २०१७ मध्यें विद्यापीठानें व जेझुइटांनीं त्या लोकांच्या वंशजांसमोर क्षमा मागितली, आणि इमारतीस आयझॅक हॉकिन्स हें नांव दिलें. विक्रीच्या यादींत पहिलें नांव त्याचें होतें.

२०१९ सालीं विद्यार्थ्यांनीं मतदान घेऊन वंशजांच्या साहाय्यार्थ स्वतःवरच दर सत्रास शुल्क बसविण्याची मागणी बहुमतानें संमत केली. तें विद्यापीठावर बंधनकारक नव्हतें. शुल्काऐवजीं देणग्यांतून वर्षाला सुमारें ४,००,००० डॉलर उभे करण्याचें विद्यापीठानें ठरविलें. विद्यार्थ्यांनीं सुचविलेली रक्कम होती २७ डॉलर २० सेंट.