जुहूचें बेट आणि मुंबईचा रविवार

रविवारच्या सायंकाळीं जुहूच्या वाळूवर फिरावयास आलेल्या माणसास ‘तूं एका बेटावर उभा आहेस’ असें कोणीं सांगितलें, तर तो हंसेल. बेट म्हटलें कीं होडी आली, नावाडी आला, भरती-ओहोटीची वाट पाहणें आलें. येथें तर स्टेशनाबाहेर गाडींत बसावें आणि थेट पुळणीशीं उतरावें! तथापि एकोणिसाव्या शतकांत जुहू हें खरोखरीचें बेट होतें. साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यापासून थोडासा अलग पडलेला, समुद्राच्या पाण्याहून जेमतेम दोन-चार हात उंच असा तो वाळूचा लांबट पट्टा. मध्यें खाडी, ओहोटीच्या वेळीं ती पायीं ओलांडावी आणि भरती येण्यापूर्वी परतावें. पोर्तुगीज या ठिकाणास ‘जुवें’ म्हणत. कोंकणींत बेटाला ‘जुंवो’ असा शब्द आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे नांव आणि भूगोल यांची सांगड सहज लागते.

या पट्ट्याच्या उत्तर टोंकाला जुहू गांव. तेथें भंडारी, आगरी व कुणबी राहत. भंडाऱ्यानें माडाची ताडी काढावी, आगऱ्यानें मीठ विकावें, कुणब्यानें शेत कसावें. दक्षिण टोंकाला कोळ्यांची लहानशी वस्ती होती. या मंडळींच्या लेखीं समुद्र हा करमणुकीचा विषय नव्हता. तें त्यांचें शेत होतें आणि तीच त्यांची पेढी होती. किनाऱ्यावर निव्वळ बसून राहण्यासाठीं कोणी शहरांतून येईल, ही कल्पना त्यांना बरीच चमत्कारिक वाटली असावी.

मुंबईकर आणि जुहू यांच्यामध्यें दोन अंतरें होतीं. पहिलें पाण्याचें. मुंबई आणि साष्टी यांमधील माहीमची खाडी लोक पूर्वी होडीनें ओलांडीत. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ सालीं माहीमचा बांध रहदारीस खुला झाला. पुढें १८६७ सालीं विरारहून मुंबईपर्यंत आगगाडी सुरू झाली. अशा रीतीनें साष्टी मुंबईच्या हातांत आली. जुहूची खाडी तेवढी उरली.

हें उरलेलें अंतरहि नाहींसें करण्याचें एका दूरदृष्टीच्या पुरुषाच्या मनांत आलें. जमशेटजी टाटा यांनीं १८९० नंतरच्या दशकांत जुहूस जमीन घेऊन बंगला बांधला. जुहू-तारा भागांतील सुमारें १२०० एकर जमीन सुधारून तेथें एकेक एकराचे ५०० भूखंड पाडावे, माहीमचा रस्ता तेथपर्यंत वाढवावा आणि समुद्रकांठीं विश्रांतिस्थान वसवावें, अशी त्यांची योजना होती. १९०४ सालीं ते निवर्तले आणि योजना तेथेंच थांबली. ती पुरी झाली असती, तरी एकेक एकराच्या भूखंडावर विसावा घेण्यास कोण गेलें असतें, हें सांगावयास नको. ज्याच्यापाशीं पैसा व सवड दोन्ही होतीं, तोच.

कारण दुसरें अंतर होतें वेळेचें, आणि तें बांध घालून मिटण्यासारखें नव्हतें. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुटी असे. गिरणींतील कामकऱ्याला मात्र आठवड्याची सुटी ठाऊक नव्हती. भोंगा झाला कीं जावें आणि दिवस मावळल्यावर परतावें, हाच त्याचा क्रम. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामकऱ्यांच्या सभा भरवून सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज सिद्ध केला. त्यांत पहिली मागणी रविवारच्या पूर्ण सुटीची होती. इंग्रजाच्या घरीं रविवार हा प्रार्थनेचा दिवस. पण महाराष्ट्रांतील कष्टकऱ्याच्या घरींहि तो खंडोबाचा वार आहे. सहा वर्षें हा लढा चालला. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार कामकऱ्यांची सभा भरली. तींत दोन स्त्रियांनींहि भाषणें केलीं. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीं कारखान्यांच्या कायद्यानेंहि साप्ताहिक सुटीचें तत्त्व स्वीकारलें.

यानंतर जुहूचें रूप झपाट्यानें पालटलें. १९२४ सालीं शस्त्रक्रियेनंतर सुटका झालेले महात्मा गांधी येथें विश्रांतीस राहिले. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास त्यांच्याशीं खल करण्यास येथेंच आले. १९२८ सालीं बोरीवलीपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली. त्याच सुमारास जुहूस विमानतळ झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचें विमान घेऊन तेथें उतरले. पण पावसाळा लागला कीं हें मैदान चिखलानें व भरतीच्या पाण्यानें असें भरून जाई, कीं विमानें पुण्यास हलवावीं लागत. नकाशावरून पुसत चाललेलें बेट वर्षांतून चार महिने आपली ओळख पटवून देत असे.

१९५० सालीं मुंबईची हद्द वाढली आणि जुहू शहरांत सामावलें. खाडीच्या जागीं आज इर्ल्याचा नाला काय तो दिसतो. बंगले झाले, हॉटेलें झालीं. परंतु भरतीच्या रेषेपाशीं अद्याप कोणाचा एकराचा भूखंड नाहीं. परळच्या चाळींतून आलेलें कुटुंब आणि बंगल्यांतून उतरलेलें कुटुंब एकाच लाटेंत पाय भिजवितें. जमशेटजींच्या योजनेंत जें विश्रांतिस्थान बसलें नसतें, तें लोखंड्यांच्या अर्जानें शक्य झालें. मात्र त्याच वाळूवर भेळ कालविणारा, फुगे विकणारा आणि मासळीची पाटी घेऊन बसलेली कोळीण यांचा रविवार हा आठवड्यांतील सर्वांत कष्टाचा वार असतो. १८८४ सालच्या त्या अर्जावर त्यांच्या सह्या व्हावयाच्या अजून राहिल्या आहेत.