काळ्या मातीची लाउन्ड्स काउंटी

आज आपण अमेरिकेत जाणार आहोत. पण न्यूयॉर्कला नाही, आणि सिलिकॉन व्हॅलीत तर अजिबात नाही. जायचंय दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातल्या लाउन्ड्स काउंटीत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका समजा. स्थापना १८३० ची, मुख्य गाव हेनविल आणि लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत फक्त १०,३११. एवढी माणसं तर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये एका वेळी अडकलेली असतात! मग हिच्यावर अख्खा एपिसोड का? कारण इथला दोनशे वर्षांचा इतिहास एका गोष्टीपाशी परत परत येतो. ती म्हणजे माती.

डायनोसॉरच्या काळात इथे उथळ समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म जिवांची कवचं तळाशी साचली आणि खडूचा जाड थर तयार झाला. त्यावर जी माती झाली ती काळी, चिकट आणि सुपीक. म्हणून या पट्ट्याला म्हणतात ‘ब्लॅक बेल्ट’. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती बेसॉल्टपासून झाली, ही खडूपासून. पण स्वभाव सारखाच: पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि कापसाला मानवते.

ही जमीन मूळची मस्कोगी लोकांची. १८१३-१४ च्या युद्धानंतर त्यांच्याकडून लाखो एकर जमीन हिसकावली गेली. मग गोरे मळेवाले आले आणि सोबत गुलाम म्हणून कृष्णवर्णीय माणसं आणली. १८६० मध्ये लाउन्ड्समधले दोन तृतीयांशाहून जास्त लोक गुलाम होते. पांढरं सोनं पिकत होतं, पण वेचणाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग त्यांनी मोर्चा कुठे वळवला? मुंबईकडे! आपल्याकडे कापसाचे भाव कडाडले, शेअरबाजारात पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळा फुगा फुटला. म्हणजे अलाबामाच्या मळ्यांचा आणि मुंबईच्या सट्ट्याचा असा थेट संबंध आहे.

गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन मालकांकडेच राहिली. काल जे गुलाम होते ते आज वाटेकरी झाले. बी-बियाणं, किराणा सगळं उधारीवर, आणि हिशोबाची वही मालकाकडे. पुढे काय व्हायचं ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. त्यात १९०१ च्या राज्यघटनेने मतदानासाठी कर आणि साक्षरतेची अट घातली. कृष्णवर्णीयांचा मताधिकार कागदावर उरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोंडभुंगा आला, कापूस कोलमडला आणि लोक उत्तरेकडच्या शहरांत निघून गेले.

आता १९६५. लोकसंख्येत साधारण ८०% कृष्णवर्णीय. त्यातले नोंदणीकृत मतदार किती? वर्ष उजाडलं तेव्हा शून्य. हो, शून्य! मार्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा याच काउंटीतून गेला. ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा झाला. पण ज्यांनी नाव नोंदवलं त्या वाटेकऱ्यांना मालकांनी घराबाहेर काढलं. ती कुटुंबं हायवे ८० च्या कडेला तंबूंत राहिली. मागे हटली नाहीत.

यातला पुढचा भाग आपल्याला पटकन कळेल. अलाबामात बरेच मतदार निरक्षर असल्यामुळे पक्षाला निवडणूक चिन्ह लागायचं. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा. स्टोकली कारमायकल आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी नवा पक्ष काढला आणि चिन्ह घेतलं काळा बिबट्या. १९६६ ची निवडणूक ते हरले. पण तोच बिबट्या कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक पँथर पक्षाने उचलला, आणि त्या पक्षावरून १९७२ मध्ये मुंबईत आपल्या दलित पँथरने नाव घेतलं. इकडे लाउन्ड्समध्ये १९७० ला जॉन ह्यूलेट हे कृष्णवर्णीय कार्यकर्ते शेरीफ म्हणून निवडून आले.

मग सगळं छान झालं का? नाही ना. मतं मिळाली, जमीन आणि पैसा नाही. आज तिथे गुरांची कुरणं आहेत, लाकूड आहे, बर्कविलला प्लास्टिकचा मोठा कारखाना आहे, पण गरिबी हटलेली नाही. आणि पुन्हा तीच माती! ती पाणी मुरू देत नाही, त्यामुळे साधी सेप्टिक टाकी चालत नाही. खास बनवून घ्यायची तर खर्च परवडत नाही. म्हणून कित्येक घरांचं सांडपाणी पाइपने थेट परसात. २०१७ च्या एका छोट्या अभ्यासात ५५ जण तपासले, त्यात एक तृतीयांशाहून जास्त जणांमध्ये हुकवर्मचे अंश सापडले. कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्याच्या आरोग्य खात्याशी सुधारणेचा करार केला. २०२५ मध्ये नव्या सरकारने तो गुंडाळला.

आता कुणी म्हणेल, मातीच तशी, त्याला कोण काय करणार? पण मातीने कुणाला गुलाम केलं नाही, मतदार यादीतून नाव कापलं नाही, आणि करारही रद्द केला नाही. ते माणसांनी केलं. त्यामुळे बदलायचं तेही माणसांच्याच हातात आहे.

तुमच्या तालुक्याची माती कुठली, आणि तिच्यावर मालकी कुणाची, हे जरा घरच्या मोठ्यांना विचारून बघा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या!