उपयोग आणि ज्ञान : याकोबींचा निश्चयक



आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्याने स्मृतिव्याख्यानात गणितावर बोलावे, हे काहीसे अनधिकार वाटेल. परंतु ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न काव्याप्रमाणेच गणितालाही विचारला जातो. म्हणून मी हा विषय निवडला.

कार्ल गुस्टाफ याकोब याकोबी यांचा जन्म १८०४ साली पॉट्सडॅम येथे झाला. लोकोपयोग आणि निसर्गातील घटनांचा उलगडा हे गणिताचे मुख्य प्रयोजन, असे फूरिए यांचे मत होते. १८३० मध्ये लझांद्र यांना लिहिलेल्या पत्रात याकोबींनी त्याला हरकत घेतली. मानवी बुद्धीचा गौरव हेच शास्त्राचे प्रयोजन, असे त्यांचे म्हणणे.

१८४१ साली त्यांनी लॅटिनमध्ये एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. जितकी चले तितकी फलने घ्यावीत. प्रत्येक फलन एकेका चलानुसार कोणत्या दराने बदलते, ते आंशिक अवकलज ओळी आणि स्तंभांत मांडावेत. या मांडणीचा निश्चयक सर्वत्र शून्य आला, तर ती फलने परस्परांपासून स्वतंत्र नसतात. असे निश्चयक कोशी यांनी आधी वापरले होते. त्यांचा सांगोपांग विचार याकोबींनी केला. पुढे सिल्व्हेस्टर यांनी त्यांना याकोबींचे नाव दिले. अभियंते त्यालाच ‘जेकोबियन’ म्हणतात.

आज यंत्रमानवाच्या सांध्यांच्या गतीवरून पंजाची गती याच मांडणीने काढतात. एका प्रतलात फिरणारा, दोन सांध्यांचा बाहू घ्या. त्याचा निश्चयक म्हणजे दोन भुजांच्या लांबींचा गुणाकार गुणिले कोपराच्या वाकाची ज्या. बाहू ताठ झाला की वाक शून्य, म्हणून निश्चयकही शून्य. त्या क्षणी पंजाला बाहूच्या रेषेत गती देता येत नाही. आपलाच हात पूर्ण लांबवून पाहावा! विजेच्या जाळ्यातील भारप्रवाहाच्या गणितातही हीच मांडणी लागते.

तेव्हा याकोबींचाच विजय झाला, असे म्हणण्याचा मोह होतो. मला तो युक्तिवाद मान्य नाही. उपयोग झाला म्हणून ज्ञान थोर ठरवणे म्हणजे याकोबींना फूरिए यांच्याच तराजूत तोलणे होय. उपयोगाचे याकोबींना वावडेही नव्हते. १८४२-४३ मध्ये त्यांनी गतिशास्त्रावर व्याख्याने दिली. उपयोग हे ज्ञानाचे फळ असेल, त्याचे माप नव्हे, एवढेच मला म्हणायचे आहे.

ज्या सिद्धान्ताला किंवा ओवीला आज बाजारात मोल नाही, तीही शाळेने मनापासून शिकवावी. माजी विद्यार्थ्यांनी शाळेचे ऋण मानावे, ते मुख्यतः यासाठी.