टॉर्की ते लंडन : जिवंत प्रवाळांचे एक स्थलांतर

सागरी जलजीवालयाचा इतिहास सामान्यतः १८५३ पासून सांगितला जातो. त्या वर्षी लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला. लॅटिनमध्ये गुरांना पाणी पाजण्याच्या जागेस योजिला जाणारा शब्द गॉस यांच्या ग्रंथामुळे नव्या अर्थाने रूढ झाला. परंतु ही कालगणना प्रदर्शनाची आहे, प्रयोगाची नव्हे.

१८४६ च्या शरद ऋतूत ॲना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावर काही जिवंत प्रवाळे जमविली. ती प्रवाळभित्ती बांधणाऱ्या जातीची नव्हती. एकेकटी खडकास चिकटून राहणारी होती. ती लंडनला न्यावयाची, तर प्रवासातील हिंदकळणे हे पहिले संकट. थिनबाईंनी सुईदोरा घेऊन प्रवाळे एका स्पंजावर टाचली आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या दगडी बरणीत ठेविली. शास्त्रीय उपकरण म्हणावे असे यात काहीच नाही, आणि तेच लक्षणीय होय.

दुसरे संकट मुक्कामी पोहोचल्यावर उभे राहिले. साठलेल्या पाण्यातील प्राणवायू संपतो. आरंभी समुद्राचे ताजे पाणी एक दिवसाआड बदलले जाई. पुढे तेच पाणी उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्यात, अर्धा-पाऊण तास ओतावयाचे, असा क्रम ठरला. पडत्या धारेत हवा मिसळते. आज हेच काम विजेचा पंप करतो. थिनबाईंच्या घरी ते एक लहान मोलकरीण करीत असे. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात तिचा उल्लेख आहे, नाव मात्र नाही.

१८४७ च्या वसंतात भांड्यांत सागरी वनस्पती आल्या. वनस्पती व प्राणी यांच्या समतोलाचे तत्त्व रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मांडले. म्हणून थिनबाईंना त्याच तत्त्वाच्या पूर्वसूरी मानण्याकडे कल दिसतो. हे श्रेय अपुऱ्या आधारावर दिले जाते, असे मला वाटते. वनस्पती येण्यापूर्वीचा हिवाळा प्रवाळांनी त्यांच्याविना काढला होता. शिवाय वनस्पती आल्यावरही, समतोल नेमका साधेल याची खात्री नसल्याने, पाणी ओतण्याचा क्रम थांबविण्यात आला नाही. प्रवाळे जगली ती वनस्पतींमुळे, हवेमुळे की दोहोंमुळे, याचा निर्णय थिनबाईंनी स्वतः दिलेला नाही.